पत्त्यातल्या ओळी : पाथर्डीची गल्ली, दिल्लीचे पत्र आणि परदेशातले 'भगिनी शहर'

१/
पाथर्डीतल्या एखाद्या घराचा पत्ता पाकिटावर लिहायचा तर चार-पाच ओळी पुरतात : गल्ली किंवा वस्ती, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन कोड. वाचणाऱ्याला हा पत्ता एकसंध वाटतो. प्रत्यक्षात त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर वेगळ्या सत्तेचा अधिकार चालतो. गल्लीचे नाव नगरपरिषद ठरवते. गावाचे नाव बदलायचे तर राज्य शासनाला दिल्लीची ना-हरकत लागते. पिन कोड टपाल खात्याचा असतो. अलीकडच्या काही वर्षांत शासनाने या पत्त्यातल्या दोन ओळींना हात घातला. एक ओळ जिल्ह्याची, दुसरी वस्तीची. पहिलीची चर्चा देशभर झाली, दुसरीची फारच थोडी. हा धागा या दोन्ही ओळींमागील नियमांच्या इतिहासाविषयी आहे.

२/
नियम येण्यापूर्वीही नावे बदलत होतीच. त्याची उदाहरणे पाथर्डी तालुक्यातच आहेत. बीड जिल्ह्याच्या सीमेलगतचा एक डोंगर पूर्वी धौम्यगड म्हणून ओळखला जाई. संत भगवानबाबांच्या वास्तव्यानंतर तो भगवानगड झाला. गर्भगिरीच्या रांगेतील वृद्धेश्वर हे संस्कृत नाव कागदोपत्री आणि साखर कारखान्याच्या पाटीवर दिसते, पण जुन्या माणसांच्या तोंडी तोच देव 'म्हातारदेव' असतो. एकाच स्थळाला दोन नावे असण्यात कोणालाही अडचण वाटत नसे. नाव हे वापराने रुळे आणि वापर संपला की मागे पडे. त्यासाठी ठराव, अधिसूचना किंवा राजपत्राची गरज नव्हती.

३/
दुसरा मार्ग सत्तेचा होता. मे १४९० मध्ये भिंगारजवळच्या लढाईत मलिक अहमदने बहमनी सैन्याचा पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. पुढे १४९४ मध्ये त्याच परिसरात नवे शहर वसवण्यास आरंभ झाला आणि त्याला संस्थापकाचे नाव मिळाले : अहमदनगर. दख्खनमधील अनेक शहरांची नावे अशीच राज्यकर्त्याच्या इच्छेने पडली. मात्र लोकव्यवहाराने त्यातही आपला मार्ग काढला. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या 'अहमदनगरला' गेली नाहीत, ती 'नगरला' गेली. जिल्ह्याच्या नावावरून पुढे एवढा वाद झाला, तेव्हाही एसटीच्या थांब्यावरचा उच्चार 'नगर' हाच राहिला.

४/
इंग्रजी राजवटीत नावाचे स्वरूप बदलले. जमिनीची मोजणी, महसुली नोंदी, टपाल आणि रेल्वे या चारही यंत्रणांना प्रत्येक ठिकाणाचे एकच आणि निश्चित नाव हवे होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरविषयीचा सतरावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांनी गावांची नावे, त्यांचे इंग्रजी वर्णलेखन आणि सीमा पक्क्या केल्या. बोलीत चारचौघांत बदलत जाणारे नाव आता दप्तरात स्थिरावले. नाव ही लोकांच्या वापरातली गोष्ट असतानाच ती शासनाच्या मालकीची नोंदही झाली. आजच्या सर्व नियमांचे मूळ या बदलात आहे.

५/
स्वातंत्र्यानंतर नामांतराच्या मागण्यांची लाट आली. परकीय राजवटीच्या खुणा पुसाव्यात, राष्ट्रीय नेत्यांची नावे द्यावीत, भाषेला अनुरूप रूप द्यावे, अशा अनेक कारणांनी राज्यांकडून प्रस्ताव येऊ लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाने ११ सप्टेंबर १९५३ रोजी सर्व राज्यांना एक पत्र पाठवून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. लोकांच्या सवयीचे झालेले नाव शक्यतो बदलू नये. इतिहासाशी जोडलेली नावे शक्यतो तशीच ठेवावीत. केवळ स्थानिक अभिमान, भाषेचा आग्रह किंवा नेत्यांविषयीचा आदर एवढ्याच कारणासाठी नामांतर करू नये. नवे नाव निवडताना राज्यात किंवा शेजारी त्याच नावाचे दुसरे ठिकाण नाही, याची खात्री करून घ्यावी.

६/
या तत्त्वांचा सूर सावध आहे आणि त्यामागचे मुख्य कारण गोंधळाची भीती हे आहे. म्हणूनच नामांतराच्या प्रस्तावावर रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेतले जाते. गाडी चुकीच्या स्थानकावर जाऊ नये, पत्र भलत्याच गावी पडू नये, नकाशा आणि जमीन यांची फारकत होऊ नये, असा हा विचार. समान नावांचा प्रश्न पाथर्डीकरांना समजावून सांगावा लागत नाही. नाशिक शहरात पांडवलेण्यांच्या परिसरात आणखी एक पाथर्डी आहे आणि तेथील 'पाथर्डी फाटा' हे नाव राज्यभर परिचित आहे. नुसते 'पाथर्डी' म्हटले तर कोणती, हा प्रश्न पुढे येतोच.

७/
या प्रश्नाला टपाल खात्याने नाव न बदलता उत्तर दिले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिन कोड पद्धत सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्याने केली. वेलणकर हे संस्कृतचे जाणकार आणि लेखकही होते. अनेक भाषा, अनेक लिप्या आणि एकाच नावाची असंख्य गावे असलेल्या देशात पत्र योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी त्यांनी अंकांवर टाकली. एका पाथर्डीचा पिन कोड ४१४ ने सुरू होतो, तर नाशिकमधल्या पाथर्डीचा ४२२ ने. १९५३ च्या पत्रातील गोंधळाची भीती यामुळे बरीच कमी झाली. तरीही नियम तेच राहिले.

८/
त्या पत्राच्या काळाकडे नगर जिल्ह्यातून पाहिले तर एक योगायोग लक्षात येतो. पत्र पाठवणारे सरकार जवाहरलाल नेहरूंचे होते. ऑगस्ट १९४२ नंतर नेहरू इतर नेत्यांसह नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी तेथेच १९४४ मध्ये लिहिला. भारताचा भूतकाळ अनेक थरांचा आहे आणि एकही थर खरवडून टाकता येत नाही, ही त्या पिढीची धारणा होती. इतिहासाशी जोडलेली नावे टिकवावीत, हे तत्त्व त्या धारणेशी जुळणारे होते. निजामशाहीच्या किल्ल्यात बसून इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या सरकारने असा नियम करावा, यात आश्चर्य नाही.

९/
गावांनंतर रस्त्यांचा प्रश्न आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९७५ मध्ये राजधानी दिल्लीतील रस्त्यांसाठी वेगळी तत्त्वे दिली. रस्त्याचे नाव बदलल्याने टपाल खात्याची आणि नागरिकांची गैरसोय होते, शिवाय लोकांची इतिहासाची जाणीव हिरावली जाते, असे त्यांत म्हटले होते. असे असूनही ऑगस्ट २०१५ मध्ये नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने औरंगजेब मार्गाचे नाव बदलून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम मार्ग केले. ज्या बादशहाचे नाव त्या पाटीवरून उतरले, त्याचा मृत्यू १७०७ मध्ये नगरजवळ भिंगार येथे झाला होता. दिल्लीतील पाटीचा हा वाद पाथर्डीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर घडलेल्या इतिहासाशी असा जोडलेला आहे.

१०/
महाराष्ट्रात रस्त्यांच्या नामांतराचा सर्वांत मोठा अनुभव मुंबईचा आहे. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजी मार्ग झाला, लॅमिंग्टन रोड डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पेडर रोड डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग झाला. कागदावर बदल पूर्ण झाला, पण टॅक्सीत बसणारा माणूस आजही 'पेडर रोड'च म्हणतो. याउलट फ्लोरा फाउंटनचा 'हुतात्मा चौक' लोकांच्या तोंडी रुजला, कारण त्या नावामागे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शंभराहून अधिक मृत्यूंची आठवण होती. नियमाने पाटी बदलते. नाव रुजते ते मात्र लोकांना ते आपले वाटले तरच. नामांतराच्या कोणत्याही इतिहासात हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

११/
पाथर्डीसारख्या गावात पाटीचा अधिकार नेमका कोणाकडे? २०११ च्या जनगणनेत सुमारे सत्तावीस हजार लोकसंख्या असलेल्या या शहरात नगरपरिषद आहे आणि तिचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. रस्त्याला, चौकाला किंवा नव्या वसाहतीला नाव द्यायचे तर सभेपुढे विषय येतो, ठराव होतो आणि मग पाटी लागते. ठराव कायद्याशी विसंगत असेल किंवा त्याने शांतता भंगण्याचा संभव असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. मोठ्या शहरांत हेच काम महानगरपालिका करते, खेड्यांत ग्रामपंचायत.

१२/
जिल्ह्याची ओळ बदलण्याचा मार्ग लांबचा होता. ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीदिनी, जामखेड तालुक्यातील त्यांच्या जन्मगावी, चौंडी येथे, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव देण्याची घोषणा केली. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला. त्यानंतर केंद्राची ना-हरकत आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघून 'अहिल्यानगर' हे नाव अधिकृत झाले. घोषणा ते राजपत्र हा प्रवास सुमारे सोळा महिन्यांचा होता. याच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्या वर्षी त्यांच्या कागदांवरचा जिल्हा जुना होता आणि राजपत्रातला नवा.

१३/
शेजारच्या मराठवाड्यात हाच प्रश्न न्यायालयात गेला. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्यास मान्यता दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि महसुली क्षेत्रांच्या नावांसाठी स्वतंत्र अधिसूचना निघाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या निर्णयांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. शहराचे नाव आणि जिल्ह्याचे नाव या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणात स्पष्ट दिसले. विशेष म्हणजे निकाल देणाऱ्या न्यायालयाचे इंग्रजी नाव आजही 'बॉम्बे हायकोर्ट' आहे. १९९५ मध्ये शहर मुंबई झाले, न्यायालयाची पाटी तशीच राहिली.

१४/
नावाला आपल्या सीमेपलीकडे नेणारी आणखी एक प्रथा आहे. ती 'भगिनी शहरां'ची. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. पुढे स्टालिनग्राडवर तशीच वेळ आली, तेव्हा कॉव्हेंट्रीतील ८३० स्त्रियांनी एका मेजपोशावर आपापली नावे भरतकामाने विणून ते कापड तिकडे पाठवले. १९४४ मध्ये ही दोन शहरे एकमेकांशी औपचारिकपणे जोडली गेली. १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरिकांमधील थेट मैत्रीचा कार्यक्रम सुरू केला आणि ही कल्पना जगभर पसरली. विशेष म्हणजे स्टालिनग्राडचे नाव १९६१ मध्ये वोल्गोग्राड झाले, तरी कॉव्हेंट्रीशी असलेले नाते टिकून राहिले.

१५/
महाराष्ट्रातही अशी नाती आहेत. मुंबई आणि जपानमधील योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरे आहेत. लॉस एंजेलिसशी मुंबईचे नाते १९७२ चे. पुणे आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे ही शहरे १९९२ मध्ये जोडली गेली. पुण्याकडून सॅन होजेला भेट मिळालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तेथील उद्यानात उभा होता. २०२३ च्या आरंभी तो चोरीला गेला आणि काही दिवसांत सापडला. त्या बातमीने अनेक पुणेकरांना आपल्या शहराला अशी एक भगिनी आहे, हे प्रथमच कळले असेल. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान हेही जपानमधील ओकायामाशी असलेल्या मैत्रीची खूण आहे आणि तेथील प्रसिद्ध कोराकुएन उद्यानावरून ते रचले आहे.

१६/
असे नाते जोडण्याचा अधिकार मात्र एकट्या शहराकडे नाही. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचे विषय आहेत, त्यामुळे अशा प्रस्तावाला केंद्राची संमती घ्यावी लागते. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद आणि दुनहुआंग यांच्यात भगिनी शहरांचा करार झाला. जोडीमागचा विचार सुस्पष्ट होता : एकीकडे अजिंठा-वेरूळ, दुसरीकडे रेशीममार्गावरील मोगाओ लेणी. बौद्ध कलेचा एकच प्रवाह दोन टोकांना जोडला गेला. करारावर नाव औरंगाबादचे आहे. आठ वर्षांनी शहराचे नाव बदलले, पण लेणी जागच्या जागी आहेत. वोल्गोग्राडप्रमाणेच येथेही नात्याचा आधार नावापेक्षा जुना आहे.

१७/
देशांतर्गत जोडणीचाही एक प्रयोग झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये घोषित झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमात राज्यांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी जमली. अहिल्यादेवींच्या काळात अशी योजना नव्हती, करारही नव्हता. तरी महेश्वरमधून राज्य करणाऱ्या या चौंडीच्या लेकीने काशी, सोमनाथ आणि इतर अनेक तीर्थक्षेत्री घाट, मंदिरे, धर्मशाळा उभारल्या. वाराणसीतील अहिल्या घाटाला ते नाव त्या बांधकामामुळे मिळाले. जिल्ह्याला त्यांचे नाव शासनाने दिले, घाटाला त्यांच्या कामाने. दोन्ही नावे अधिकृत आहेत, पण त्यांच्या उगमाच्या वाटा निराळ्या आहेत.

१८/
आता पत्त्याच्या पहिल्या ओळीकडे यावे लागते. जिल्ह्याच्या नावाने सभा गाजतात. वस्तीच्या नावाने माणसाची रोजची ओळख ठरते. महाराष्ट्रातील असंख्य गावांत वस्त्यांची नावे जातीवरून पडलेली होती : महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, माळीगल्ली, ब्राह्मणवाडा. वरवर पाहता ही सारी नावे एकाच साच्यातली दिसतात. पण गावाच्या मध्यभागी राहणाऱ्याला त्याच्या गल्लीच्या नावाने नुकसान होत नसे. गावकुसाबाहेर राहणाऱ्याचे नाव विचारण्याआधीच त्याचा पत्ता त्याची जात सांगून मोकळा होई. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, पोस्टमनच्या हाकेत तेच नाव पुन्हा पुन्हा येई.

१९/
२ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने राज्यातील वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात, ११ डिसेंबरला, सामाजिक न्याय विभागाने त्याविषयीचा शासन निर्णय काढला. जुन्या नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे सुचवण्यात आले. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी ही ओळ पत्त्यातून काढण्याचा सर्वसाधारण आदेश निघाला. रस्त्यांना नेत्यांची नावे देण्यात या सत्तर वर्षांत कधीच विलंब झाला नव्हता, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी खरा पेच येथे सुरू होतो. १९५३ चे तत्त्व सांगते की सवयीची आणि इतिहासाशी जोडलेली नावे शक्यतो बदलू नयेत. या कसोटीवर 'महारवाडा' हे नाव टिकायला हवे होते. ते जुने आहे, सर्वांच्या सवयीचे आहे, गावाच्या रचनेचा इतिहास त्यात साठलेला आहे आणि पोस्टमनचा त्यात काडीमात्र गोंधळ होत नाही. २०२० च्या निर्णयाने नेमकी उलट भूमिका घेतली. नाव जुने आहे म्हणूनच ते बदलायला हवे, कारण त्यात साठलेला इतिहास अपमानाचा आहे. पहिल्या नियमाचा कस सोय हा होता, दुसऱ्याचा प्रतिष्ठा. दोन्ही नियम एकाच प्रजासत्ताकाचे आहेत.

२१/
यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की नाव पुसले की पुरावाही पुसला जाईल. उद्याच्या अभ्यासकाला गावाची जातनिहाय मांडणी कशी कळेल? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर दप्तरातच सापडते. गॅझेटियर, जुन्या मोजणीचे नकाशे, जनगणनेच्या पुस्तिका, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या यांत जुनी नावे सुरक्षित आहेत आणि राहिली पाहिजेत. पुरावा जपण्याचे काम अभिलेखागाराचे आहे. ते ओझे सातवीतल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याने वाहण्याचे कारण नाही. ठराव करताना जुन्या नावाची नोंद नव्या नावासोबत एकदा दप्तरी ठेवली, तर इतिहासाचेही काही बिघडत नाही.

२२/
दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'भीमनगर' ऐकले की ऐकणाऱ्याला वस्ती कोणाची ते कळतेच. मग बदलले काय? याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वी एकदा फार मोठी किंमत मोजून शोधले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे लढणाऱ्यांना नावाने जात झाकायची नव्हती. इतरांनी लादलेले नाव आणि आपण निवडलेले नाव यांत अंतर असते, हेच त्यांचे म्हणणे होते. ऐकणाऱ्याला भीमनगरातूनही जात कळेल, पण सांगणाऱ्याची मान त्यासाठी खाली जाणार नाही.

२३/
तिसरा प्रश्न तरुण वाचकांकडून हमखास येतो : जातीचा दाखला कायम ठेवायचा आणि पत्त्यातली जात मात्र काढायची, ही विसंगती नाही का? दोन्ही कागदांचे काम वेगळे आहे. दाखला माणूस स्वतः, आपल्या हक्कासाठी, हव्या त्या कार्यालयात, हव्या त्या वेळी सादर करतो. पत्ता मात्र त्याच्या परवानगीवाचून सर्वत्र पुढे धावतो : वीजबिलावर, बँकेच्या पुस्तकात, लग्नपत्रिकेवर, खोली भाड्याने शोधताना. पहिला कागद अन्यायाची भरपाई मागण्याचे साधन आहे, दुसरा त्याच अन्यायाची पुनरुक्ती करत होता. त्यामुळे एक ठेवून दुसरा बदलण्यात विसंगती नाही.

२४/
शासन निर्णय निघाला म्हणजे नाव बदलले असे होत नाही. ग्रामसभेचा किंवा नगरपरिषदेच्या सभेचा ठराव ही पहिली पायरी. त्यानंतर पाटी, घरपट्टीची नोंद, मतदार यादी, शिधापत्रिका, आधार आणि वीजजोडणी अशा साऱ्या ठिकाणी नवे नाव पोहोचावे लागते. या साखळीतील एक कडी तुटली तरी जुने नाव संगणकातून पुन्हा वर येते. जिल्ह्याच्या नावासाठी मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ आणि केंद्र सरकार हलले. वस्तीच्या नावासाठी ग्रामसेवक, लिपिक आणि गावातील चार जागरूक माणसांना हलावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष काम आहे : आपल्या गावातील वस्त्यांची जुनी आणि नवी नावे, ठरावाची तारीख आणि नावाची सूचना कोणी मांडली, एवढे लिहून ठेवणे.

२५/
दिवाळीच्या मागेपुढे पाथर्डी तालुक्यातील टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. तेथे मुकादमाच्या वहीत, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर, मुलांच्या हंगामी शाळेच्या हजेरीपटावर पत्ता लिहून घेतला जातो. जिल्हा अहिल्यानगर सांगितला काय किंवा सवयीने नुसता 'नगर' सांगितला काय, लिहून घेणाऱ्याला तो कळतो. तालुका पाथर्डी म्हटले की नाशिकची की नगरची, एवढेच विचारले जाते. उरते ती वस्तीची ओळ. ती सांगताना माणूस क्षणभर थांबतो की सहज सांगून पुढच्या रकान्याकडे वळतो, यावरून २०२० चा शासन निर्णय त्या गावापर्यंत पोहोचला की नाही, ते ओळखता येते.

(धागा समाप्त)